काम त्यांचं, प्रस्ताव आपला

गावात वर्षानुवर्षं चांगलं काम होत असतं आणि तरी त्याला कधी पुरस्कार मिळत नाही. कारण बहुतेक वेळा साधं असतं : कुणी अर्जच केलेला नसतो. रात्री-अपरात्री बाळंतिणीला स्वतःच्या जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेणारा चालक, समाजमंदिराच्या एका खोलीत वाचनालय चालवणारी पोरं, उन्हाळ्यात टँकरची रांग भांडण न होऊ देता लावणाऱ्या बाया, यांपैकी कुणीही स्वतःचं नाव कागदावर लिहून पंचायत समितीत नेऊन देणार नाही. आपलं कौतुक आपणच मागायचं, ही गोष्ट त्यांना पटत नाही. त्यामुळे ज्यांना अर्ज करता येतो त्यांना शाली मिळत राहतात आणि ज्यांच्या हातात घमेलं आहे ते मागेच राहतात.

म्हणून हा लेख काम करणाऱ्यांसाठी नाही, त्यांच्या शेजाऱ्यांसाठी आहे. गावातले शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), बचत गटाच्या सचिव, नुकतीच पदवी घेतलेली मुलगी, पुण्या-मुंबईत नोकरी करून सणाला गावी येणारा भाऊ. ज्यांना दोन पानं नीट लिहिता येतात आणि मोबाइलवर अर्ज भरता येतो, त्यांनी हे काम अंगावर घ्यावं.

महाराष्ट्राला गावपातळीवरच्या पुरस्कारांची चांगली परंपरा आहे. 2000-01 मध्ये ग्रामविकास खातं आर. आर. पाटील यांच्याकडे असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि स्वच्छता हा विषय प्रथमच गावाच्या इभ्रतीचा झाला. पुढे 2007 मध्ये ते गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली. त्यात गावाला लोकसंख्येप्रमाणे 1 लाखापासून 10 लाखांपर्यंत बक्षीस होतं. केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार 2005 पासून दिला जाऊ लागला आणि महाराष्ट्रातल्या हजारो गावांनी तो मिळवला. 2016 ते 2019 या चार उन्हाळ्यांत पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कपने श्रमदानाचीच स्पर्धा लावली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, मग आर्वी तालुक्यातलं काकडदरा, माण तालुक्यातलं टाकेवाडी आणि बार्शी तालुक्यातलं सुर्डी. यांतलं कुठलंही नाव त्याआधी राज्याला फारसं ठाऊक नव्हतं. सप्टेंबर 2025 मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झालं. त्यात राज्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला 5 कोटी आणि तालुक्यात पहिल्या येणाऱ्या ग्रामपंचायतीला 15 लाख रुपये जाहीर झाले, आणि लोकसहभाग व श्रमदान याला स्वतंत्र गुण ठेवले गेले.

हे झाले गावाचे पुरस्कार. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते : आपण कुणासाठी लिहितो आहोत, गावासाठी, गटासाठी की एका माणसासाठी? इथेच बहुतेक अर्ज चुकतात. गटाचं काम एका माणसाच्या नावावर पाठवलं जातं, किंवा एका बाईने एकटीने उभं केलेलं काम ग्रामपंचायतीच्या यशाच्या यादीत सातव्या ओळीत जाऊन बसतं.

तरुण मंडळ असेल तर जिल्हा युवा पुरस्कार बघा. त्यात प्रत्येक जिल्ह्यात एक युवक, एक युवती आणि एक संस्था निवडली जाते आणि अर्ज जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात करायचा असतो. झाडं लावून जगवली असतील तर छत्रपती शिवाजी महाराज वनश्री पुरस्कार आहे. त्याची चौकशी सामाजिक वनीकरणाच्या कार्यालयात करावी. व्यक्ती, शैक्षणिक संस्था, सेवाभावी संस्था आणि ग्रामपंचायत असे त्याचे वेगवेगळे गट असतात. पाण्याचं काम असेल तर केंद्राच्या जलशक्ती मंत्रालयाचे राष्ट्रीय जल पुरस्कार आहेत. त्यांत ग्रामपंचायत, पाणी वापर संस्था, सामाजिक संस्था असे विभाग आहेत. जुनी देशी वाणं पिढ्यान्‌पिढ्या जपणारी वाडी किंवा पाडा असेल तर पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क प्राधिकरणाचा समुदायांसाठीचा पुरस्कार आहे. त्याची रक्कम 10 लाख रुपये आहे आणि आपल्या गावांना त्याची माहिती फार कमी आहे. 31 मे रोजी अहिल्यादेवी होळकरांच्या जयंतीला प्रत्येक ग्रामपंचायतीने गावातल्या दोन कर्तबगार स्त्रियांचा सन्मान करावा, असा शासनाचा निर्णय आहे. तुमच्या गावात तो होतो का, हे आधी विचारा. आणि अमेरिकेतल्या मराठी माणसांनी उभारलेल्या महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार साहित्याबरोबर समाजकार्यालाही दिले जातात, हेही ध्यानात असू द्या.

पद्म पुरस्कारांबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. मंत्र्याची शिफारस लागते, असं लोक धरून चालतात. तसं नाही. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर कुणीही नागरिक कुणाचंही नामांकन करू शकतो, स्वतःचंसुद्धा. अर्जात कामाचं वर्णन जास्तीत जास्त 800 शब्दांत बसवायचं असतं. हा सन्मान व्यक्तीला मिळतो, संस्थेला नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी बियाण्यांची त्यांची बँक राज्याला माहीत झाली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं जंगल गावाने राखलं आणि 2025 मध्ये त्या कामाचे पुढारी चैत्राम पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. या दोघांच्या कामाबरोबर त्या कामाची माहिती टिपून ठेवणारी आणि चार लोकांपर्यंत नेणारी माणसंही होती. राहीबाईंच्या बाबतीत बाएफ या संस्थेचे कार्यकर्ते होते. तुमच्या गावात ती जागा बहुधा रिकामी आहे.

प्रत्येक पुरस्काराची मुदत, रक्कम आणि अटी वर्षागणिक बदलतात. त्यामुळे जुन्या बातमीच्या कात्रणावर विसंबू नका. त्या वर्षाचं परिपत्रक मिळवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. शेवटच्या पानावरच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की संस्था किती वर्षं नोंदलेली हवी आणि किती वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडायचे.

नोंदणीचा प्रश्न गावातल्या गटांना नेहमी अडवतो. भजनी मंडळ, तालीम, महिलांचा श्रमदान गट यांची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नसते आणि संस्थांच्या पुरस्काराला ती लागते. अशा वेळी केवळ पुरस्कारासाठी घाईने न्यास काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. न्यास काढला की दरवर्षी हिशेब, लेखापरीक्षण, बदल अर्ज ही सगळी जबाबदारी येते आणि ती निभावली नाही तर चांगला चाललेला गट कागदांत अडकतो. त्यापेक्षा ग्रामपंचायतीच्या प्रस्तावात त्या गटाला मानाची जागा द्यावी, किंवा ज्या सन्मानाला नोंदणी लागत नाही तिथे नाव पाठवावं. गट स्वतःहून वाढून नोंदणीपर्यंत आला, तर ती वेगळी गोष्ट.

नोंद आधी, अर्ज नंतर

प्रस्तावाचा खरा पाया म्हणजे नोंद, आणि ती काम चालू असतानाच करायची असते. परीक्षक समितीसमोर दरवर्षी शेकडो प्रस्ताव येतात. त्यांतल्या बहुतेकांत ‘गावकऱ्यांनी मोठ्या उत्साहाने श्रमदान केले’ असं वाक्य असतं. या वाक्याला गुण देता येत नाहीत. श्रमदानाची हजेरीवही ठेवली असेल, रोजची तारीख, आलेल्या माणसांची नावं आणि सह्या-अंगठे असतील, तर त्याच वाक्याचा पुरावा होतो.

मोजमापाला घाबरू नका. सलग समतल चर खणला असेल तर लांबी, रुंदी आणि खोली टेपने मोजून वहीत लिहा. 10 मीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर म्हणजे 1.8 घनमीटर. एका घनमीटरात 1000 लिटर पाणी मावतं, म्हणजे हा चर एका वेळी 1800 लिटर पाणी अडवतो. असे शंभर चर झाले तर किती, हा हिशेब सातवीतल्या मुलांकडून करून घ्या; त्यांना गणितही कळेल आणि आपल्या आईने काय केलं तेही. विहिरींचं पाणी काठापासून किती खोल आहे, हे महिन्याच्या ठरावीक तारखेला दोरी सोडून मोजायला एखादा मुलगा नेमा. दोन वर्षांच्या अशा नोंदी कुठल्याही भाषणापेक्षा परीक्षकाला जास्त पटतात.

जी कामं मोजता येत नाहीत त्यांचीही नोंद होते. वाचनालयात रोज किती मुलं बसली, कुठली पुस्तकं घरी गेली, हे रजिस्टर सांगतं. दवाखान्यात नेलेल्या रुग्णांची नावं जाहीर करू नयेत. पण तारीख, वेळ आणि अंतर लिहून ठेवता येतं. गावातले तंटे मिटवले असतील तर दोन्ही बाजूंच्या सह्यांचे कागद जपून ठेवा.

छायाचित्रांबद्दल दोनच गोष्टी सांगतो. आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच जागेवर उभं राहून, एकाच बाजूने घ्या, म्हणजे मागची टेकडी किंवा तेच झाड दोन्हींत दिसेल. आणि तारीख व ठिकाण उमटेल अशी सोय मोबाइलमध्ये करून घ्या. फीत कापतानाचे, हार घालतानाचे फोटो जोडू नका. त्यांतून पाहुणा दिसतो, काम दिसत नाही.

ग्रामसभेचा ठराव हा गावच्या कामाचा सगळ्यांत भक्कम कागद आहे. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या सभेत गटाच्या कामाची दखल घेणारा ठराव मांडा आणि इतिवृत्तात तो उतरला आहे ना, हे स्वतः पाहा.

लिहायचं कसं

विशेषणं काढून टाका. ‘समाजसेवेचे व्रत घेतलेले, दीनदुबळ्यांचे कैवारी’ अशा ओळी वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं करत नाहीत. काम सुरू होण्याआधी परिस्थिती काय होती, मग कुणी नेमकं काय केलं, किती दिवस केलं, पैसा कुठून आला, आज काय बदललं आहे आणि काय अजून बाकी आहे, या क्रमाने लिहा. बाकी राहिलेलं लिहिण्याची लोकांना भीती वाटते. पण समितीतली माणसं ग्रामीण भागातच फिरलेली असतात. एकही उणीव नसलेलं गाव त्यांनी पाहिलेलं नसतं. ‘अजून 14 घरांचं सांडपाणी रस्त्यावर येतं, त्यासाठी शोषखड्ड्यांची जागा ठरली आहे’ असं लिहिणारा प्रस्ताव विश्वासाचा वाटतो.

ज्याच्यासाठी लिहिता त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. पहिल्यांदा तो म्हणेल, ‘आमचं काय एवढं!’ तिथे उठू नका. पहिला दिवस कसा होता, कोण हसलं, कोण आलं नाही, घरचे काय म्हणाले, काम थांबवावंसं कधी वाटलं, असं विचारत गेलात की खरी हकिकत बाहेर येते. लिहून झाल्यावर ती त्याला वाचून दाखवा आणि नाव पाठवायला त्याची परवानगी घ्या. परवानगी नाकारली तर तो शब्द पाळा. काही माणसांना खरोखरच व्यासपीठ नको असतं.

प्रस्तावात नावं कुणाची येतात, याकडे मी सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. गावात श्रमदानाला येणाऱ्यांत बाया जास्त आणि प्रस्तावावर नावं बाप्यांची, हे चित्र अनेक ठिकाणी दिसतं. महिला सरपंच असेल तर पुरस्कार घ्यायला तिचा नवरा पुढे होतो. मुख्य गावठाणातलं काम ठळक छापलं जातं आणि दलित वस्तीतल्या, पाड्यावरच्या, भटक्यांच्या पालावरच्या माणसांनी केलेलं काम ‘इतर’ या शब्दाखाली जातं. गाडगेबाबा अभियानातच सामाजिक एकतेच्या कामासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा विशेष पुरस्कार ठेवला गेला, त्यामागे कारण आहे. हजेरीवही समोर ठेवा आणि त्या वहीप्रमाणे नावं लिहा. बक्षीस घ्यायला कोण जाणार हेही त्याच वहीवरून ठरवा आणि प्रस्ताव पाठवण्यापूर्वीच ठरवा.

पैशाचंही तसंच. रक्कम हातात आल्यावर वाद होतात, म्हणून ती मिळाली तर कशावर खर्च करायची याचा ठराव अर्ज करण्यापूर्वीच ग्रामसभेत करून घ्यावा. बक्षिसाच्या रकमेवरून गट फुटलेली गावं मला माहीत आहेत, आणि तिथे पुढच्या वर्षी श्रमदानाला कुणी आलं नाही. एकच खातं, दोघांच्या सह्या आणि वर्षातून दोनदा चावडीवर हिशेबाचं जाहीर वाचन एवढी शिस्त पुरे.

समिती पाहणीला येणार म्हटलं की गाव रातोरात रंगवायला घेतात, कमानी उभारतात, जेवणावळीचा बेत होतो. हे करू नका. रोजच्यापेक्षा दोन दिवस जास्त झाडलं तरी हरकत नाही. पण पाहुण्यांना थेट कामावर न्या आणि ज्याने काम केलं त्यालाच बोलू द्या. सरपंचांनी पाच मिनिटं प्रास्ताविक करावं आणि नंतर गप्प राहावं. पाण्याचा पंप सांभाळणारा माणूस अडखळत सांगेल, पण त्याला किती वाजता कुठली झडप उघडायची ते ठाऊक असतं आणि तेच समितीला ऐकायचं असतं.

एक सावधगिरी फार गरजेची आहे. ‘आपली राज्यस्तरीय समाजरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क एवढे भरा’ असे निरोप आता गावोगाव मोबाइलवर येतात. अर्जच केला नसताना निवड कशी झाली, हा प्रश्न स्वतःला विचारा. सरकारी पुरस्कारासाठी पैसे मागितले जात नाहीत. सन्मानचिन्हाचे, प्रवासाचे, स्मरणिकेतल्या जाहिरातीचे पैसे मागणारा पुरस्कार हा विकत घेतलेला पुरस्कार आहे. त्यात प्रामाणिक कार्यकर्त्याचं नाव अडकवू नका. मानद डॉक्टरेट वाटणाऱ्यांपासूनही दूर राहा.

अर्ज नामंजूर झाला तर गुणपत्रक मागून घ्या. कुठल्या भागात किती गुण गेले हे कळलं की पुढच्या वर्षाचं काम आपोआप ठरतं. आणि मिळाला, तरी धोका संपत नाही. निर्मल ग्राम म्हणून गौरवलेल्या अनेक गावांत काही वर्षांनी पुन्हा लोक उघड्यावर जाऊ लागले, हे आपण पाहिलं आहे. बक्षीस मिळाल्यावर समित्यांच्या बैठका थांबल्या, देखभालीला पैसा राहिला नाही, नव्याने वेगळ्या झालेल्या कुटुंबांना शौचालयंच नव्हती. म्हणून बक्षिसाच्या ठरावात देखभालीचा वाटा लिहून ठेवावा. निम्मी रक्कम त्यासाठी बाजूला काढली तरी जास्त होणार नाही.

गावाचा स्वतःचा पुरस्कार

सरकारी पुरस्कार थोड्यांनाच मिळतील. त्यामुळे प्रत्येक गावाने आपला एक पुरस्कार सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. त्याला मोठा खर्च नाही. बारीपाड्यात 2004 पासून वनभाज्यांच्या पाककलेची स्पर्धा भरते. बाया रानातल्या भाज्या रांधून मांडतात आणि त्यांच्या ज्ञानाला गावासमोर, बाहेरून आलेल्या लोकांसमोर दाद मिळते. जंगल राखणाऱ्या गावाने जंगल ओळखणाऱ्या बायांचा मान ठेवला, इतकी सरळ ही कल्पना आहे.

तुमच्या गावाचा पुरस्कार कशासाठी असावा, हे तुमच्या गावाच्या गरजेवरून ठरवा. निवड सरपंचांनी किंवा देणगीदाराने करू नये. शाळेतून, अंगणवाडीतून, वस्त्यांवरून नावं मागवा आणि तीन-चार जणांची समिती नेमा. तिच्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि एक जण गावाबाहेरचा असावा. त्या वर्षी निवडणूक असेल तर आचारसंहितेच्या तारखा पाहूनच कार्यक्रम ठरवा. नाही तर पुरस्कार प्रचाराचा भाग होतो आणि पुढे कायमचा बदनाम होतो.

शाल-श्रीफळ द्यायला हरकत नाही, पण त्यासोबत उपयोगी पडेल असं काही द्या. घमेली-टिकावांचा नवा संच द्या, वाचनालयाला पुस्तकांचं कपाट द्या, वयस्कर कार्यकर्त्याची डोळ्यांची तपासणी करून चष्मा करून द्या. सगळ्यांत महत्त्वाचं मानपत्र. ते छापील साच्याचं नको. त्या माणसाने काय केलं हे एका पानात तारखांसह लिहा आणि सगळ्या गावासमोर एखाद्या मुलाकडून सावकाश वाचून घ्या. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. पाच-दहा वर्षांनी त्या दप्तरातून गावाच्या लोकसेवेचा इतिहास मिळेल आणि मोठ्या पुरस्काराचा प्रस्ताव लिहायला बसणाऱ्याला पुरावे शोधत फिरावं लागणार नाही.

हे वाचत असताना एखादं नाव मनात आलं असेल. या आठवड्यात त्यांच्या घरी जा, वही-पेन घेऊन बसा, पहिलं पान लिहून घ्या आणि येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तो विषय टाकायला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या.